मनाच्या हयातीचा दाखला

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील ज्येष्ठ सभासद मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला 'उतारवयातील मानसिक आरोग्य' हा विषय दिला आहे. मी डॉक्टर नाही. सारी नोकरी बँकेत केली. निवृत्तीनंतर या विषयावर थोडं वाचलं, थोडं आजूबाजूला पाहिलं. तेवढ्या भांडवलावर बोलतो.

दर नोव्हेंबरात आपण पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला जातो. यंत्रावर अंगठा टेकवला की पुढच्या वर्षाची सोय झाली. माणूस जिवंत आहे की नाही, एवढंच बँक विचारते. झोप लागते का, जेवण जातं का, दिवसभरात कोणाशी बोलणं होतं का, हे विचारणं बँकेचं काम नाही. मग ते काम कोणाचं? आज मी एवढंच सांगायला उभा आहे, की ते काम शेजाऱ्याचं आहे आणि म्हणून आपल्या संस्थेचं आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण शहाडला राहायला आलो तेव्हा बहुतेक जण चाळिशी-पन्नाशीत होतो. कोणी सेंच्युरी रेयॉनमध्ये, कोणी मोहन्याच्या एन.आर.सी.त, कोणी रोज कसारा लोकल पकडून मुंबईला. एन.आर.सी. २००९ साली बंद पडली, तेव्हा आपल्यापैकी काही घरांनी काय सोसलं ते इथे बसलेल्यांना ठाऊक आहे. आता मुलं पुण्याला, बंगळुरूला, काही परदेशात. आपल्या चार मजल्यांना लिफ्ट नाही. गुडघे दुखायला लागले की तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरचा माणूस हळूहळू खाली यायचा बंद होतो. आधी भाजी आणणं सुटतं, मग बाकावरच्या गप्पा, मग बिर्ला मंदिरातली एकादशीची फेरीसुद्धा. बँकेत दोन वर्षं खातेदाराने व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. माणसाला तेवढा वेळ लागत नाही.

घरच्यांची परवानगी घेऊन, नाव न सांगता, आपल्याच इमारतीतली एक गोष्ट सांगतो. एक काकू, वय त्र्याहत्तर. यजमान गेल्यावर वर्षभर बऱ्या होत्या. मग सकाळी दुधाची पिशवी दारालाच लटकलेली दिसायला लागली. पोट साफ होत नाही, अंग दुखतं, झोप नाही, अशा तक्रारी. तीन डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली. फोनवर मुलगा म्हणायचा, "आई, वय झालं, चालायचंच." शेजारच्या वहिनींना एक दिवस त्या म्हणाल्या, "आता मला न्यायला यायला हवं होतं कोणीतरी." वहिनींनी ते हसण्यावारी नेलं नाही. त्याच दिवशी मुलाला बोलावून घेतलं. मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं. निदान झालं नैराश्याचं.

मंडळी, म्हातारपणातलं नैराश्य 'मी उदास आहे' असं सांगत येत नाही. ते पोटदुखी, अंगदुखी, भूक मंदावणं, पहाटे तीनला जाग येणं अशा वेषांत येतं. विसरभोळेपणाही येतो आणि घरच्यांना वाटतं स्मृतिभ्रंश झाला. स्मृतिभ्रंश वेगळा. त्यात नावं, रस्ते, हिशेब, पुढे माणसंही पुसट होत जातात. 'अस्तु' या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी असा वृद्ध पंडित उभा केला आहे, ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पाहावा. तिसरी गोष्ट, कालपर्यंत नीट बोलणारा माणूस एक-दोन दिवसांत भ्रमिष्टासारखं बोलू लागला, तर त्यामागे लघवीचा जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणं किंवा एखादं औषध असू शकतं. तिथे वाट बघायची नाही, लगेच रुग्णालयात न्यायचं. तिन्हींवरचे इलाज निरनिराळे आहेत. 'वय झालं' हे यातल्या कशाचंच निदान नाही.

पण निदान झालं की काम संपतं का? काकूंना गोळ्या दिल्या आणि तीन आठवड्यांनी यायला सांगितलं. येणार कशा? तीन मजले उतरायचे, रिक्षा करायची, कल्याणचे पूल चढायचे. गोळी सुरू केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे फारसा फरक पडत नाही, उलट मळमळतं. म्हणून बरेच जण इथेच औषध सोडतात. काकूंनी सोडलं नाही, याचं कारण वहिनी आणि त्यांच्या दोन मैत्रिणी. तिघींनी वार वाटून घेतले. रोज कोणीतरी जायचं, समोर गोळी घ्यायला लावायची, पंधरा मिनिटं बसायचं, गॅलरीपर्यंत तरी चालवायचं. दीड-दोन महिन्यांनी काकू स्वतःहून म्हणाल्या, "आज चहा मी करते."

या तिघींनी जे केलं त्याला जगात नाव आहे, शास्त्र आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन गावी १९७० च्या सुमारास डॉ. स्टाइन आणि मेरी अ‍ॅन टेस्ट यांनी मनोरुग्णालयातली कर्मचाऱ्यांची तुकडीच गावात उतरवली. साधारण दहा रुग्णांमागे एक कर्मचारी. रुग्णाने यायची वाट बघायची नाही, आपण त्याच्या घरी जायचं. औषध, स्वयंपाक, बाजारहाट, घरमालकाशी बोलणी, सगळ्यांत सोबत. हे मला चटकन पटलं, कारण बँकेतली वसुली अशीच असते. थकलेल्या खातेदाराला दहा नोटिसा पाठवून होत नाही ते एकदा घरी जाऊन ओट्यावर बसल्यावर होतं. अडचण काय आहे ते तिथेच कळतं.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं इथे काय? तर आपल्या शेजारच्या गोव्याचं सांगतो. तिथे डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या ८१ कुटुंबांबरोबर काम केलं. प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्या घरी जायच्या, आजार समजावून सांगायच्या, सांभाळणाऱ्याचं ऐकून घ्यायच्या. मागे मानसोपचारतज्ज्ञ होते. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सांभाळणाऱ्या सुना, मुली, बायका यांच्या मनावरचा ताण कमी झाला होता. पुढे तिथेच साठीपुढच्या १८१ जणांवर दुसरा अभ्यास झाला. नैराश्याची नुसती चाहूल लागलेली ही माणसं. निम्म्यांना साध्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी अडचण कशी सोडवायची, झोप कशी सुधारायची, मधुमेह असेल तर काय सांभाळायचं हे बैठकींतून शिकवलं. वर्षभरात या गटातल्या ९१ पैकी ४ जणांना मोठं नैराश्य आलं, तर नेहमीचेच उपचार मिळालेल्या ९० पैकी १३ जणांना.

आफ्रिकेत झिम्बाब्वेमध्ये तर २००६ पासून आज्याच हे काम करतात. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी हरारेतल्या चौदा आज्यांना शिकवून दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसवलं. तिथल्या बोलीत नैराश्याला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'फार विचार करणं'. आपल्याकडेही म्हणतातच, "विचार करून करून असं झालं." बाक आपल्याकडेही आहे, आज्याही आहेत.

जाणकारांची मदतही फार लांब नाही. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यातच 'आय.पी.एच.' ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्री-अपरात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन आहे, १४५६७. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा, त्याने मानसिक उपचार मिळणं हा हक्क ठरवला आहे आणि शारीरिक आजाराप्रमाणे मानसिक आजारालाही विमा द्यायला सांगितलं आहे. कायदा दिल्लीत झाला, पण जिना चढून वर कोणीतरी इथलंच यावं लागतं.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात संस्थेपुढे चार गोष्टी ठेवतो.

एक. दर मजल्यामागे दोघांची जोडी. सत्तरीपुढच्या एकट्या किंवा जोडप्याने राहणाऱ्या सभासदाकडे आठवड्यातून दोनदा जायचं. आजारी असेल तर रोज. माणसं वारंवार बदलायची नाहीत, ओळखीच्या चेहऱ्यालाच माणूस मनातलं सांगतो.

दोन. जे कळेल ते त्या घरातच राहील. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक अक्षर नाही. बँकेत खातेदाराची शिल्लक आपण दुसऱ्याला सांगत नव्हतो, तसंच. आणि औषध बंद करा, अमुक काढा घ्या, असले सल्ले द्यायचे नाहीत.

तीन. सांभाळणाऱ्याला सुटी. स्मृतिभ्रंशाच्या माणसाजवळ चोवीस तास असणाऱ्या बाईला आठवड्यातून दोन तास मोकळे मिळाले तर ती दवाखान्यात, देवळात, नाहीतर नुसतीच झोपायला जाऊ शकेल. तेवढा वेळ आपण बसायचं.

चार. महिन्यातून एकदा संस्थेच्या कार्यालयात प्रशिक्षित समुपदेशक बोलवायचा. आपल्या जोड्यांना तोच शिकवेल आणि ज्यांना उतरता येत नाही त्यांच्या घरी जाईल. मानधन सणांच्या वर्गणीतून काढता येईल. गणपतीच्या मंडपाची एक कमान कमी केली तरी बरेच महिने निघतील, हिशेब मी करून ठेवला आहे. सिंकिंग फंडाला हात लावायचा नाही, ते खजिनदारांनी निश्चिंत राहावं.

आणखी एक, नियमांच्या बाहेरचं. कोणी 'जगण्यात अर्थ नाही' असं बोललं तर भाषण द्यायचं नाही. तसं काही करायचा विचार येतो का, हे सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, असलेला बाहेर पडतो. त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना आणि डॉक्टरांना त्याच वेळी कळवायचं.

टाकी आपण वेळेवर धुतो, इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं, गळती थांबवली, आणि त्याचं श्रेय समितीला आहेच. पण गेल्या तीन-चार वर्षांत खाली यायचे बंद झालेले सभासद मी परवा मोजले. अकरा आहेत. त्यांतले आज या सभागृहात एकही नाहीत. हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, अशी लेखी सूचना मी सचिवांकडे दिली आहे. अनुमोदनाची सही अजून कोरी आहे. जेवायला जाण्याआधी कोणीतरी करावी, एवढी विनंती करतो आणि थांबतो.