लांब टांगांचा तो डास नव्हे



पावसाळा लागला की आपल्या जालना जिल्ह्यात दिव्याभोवती किडे जमतात. त्यांत एक मोठा किडा असतो. अंग सडपातळ, टांगा लांबच लांब. तो भिंतीवर बसला की मुले ओरडतात, "केवढा मोठा मच्छर!" आणि कोणी तरी चप्पल उचलतो.

तो मच्छर नव्हे. तो आपले रक्त पीत नाही. तशी सोंडच त्याला नाही. त्याच्या अळ्या ओल्या मातीत वाढतात, कुजलेला पाला आणि मुळे खातात. त्याला धरायला जावे तर टांग तुटून हातात येते. पाठीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असते. ही त्याच्या कुळाची खूण.

दुसरे कूळ चिलटांचे. नदीकाठी, तळ्याकाठी संध्याकाळी थवेच्या थवे नाचतात ना, त्यांत ही असतात. दिसतात थेट डासासारखी. पण यांनाही रक्त पिणारी सोंड नाही. बसताना ही पुढचे पाय वर धरतात. डास बसतो तेव्हा बहुधा मागचे पाय वर उचलतो.

तिसरे कूळ खऱ्या डासांचे. याला सुईसारखी लांब सोंड असते. त्यातही चावते ती मादीच. नर झाडांचा रस पिऊन राहतो.

आता कोणी म्हणेल, एवढे बघत कोण बसतो? मंडळी, बघितल्यानेच मोठे काम झाले आहे. रोनाल्ड रॉस नावाचे डॉक्टर सिकंदराबादला होते. तेव्हा आपले जालना आणि सिकंदराबाद, दोन्ही निजामाच्या मुलखात होती. हिवताप कशाने पसरतो, हे शोधायला त्यांनी दोन वर्षे डास चिरून पाहिले. हाती काही लागेना. कारण ते डास निराळ्या जातीचे होते. मग पंखांवर ठिपके असलेला डास त्यांनी तपासला. २० ऑगस्ट १८९७ रोजी त्याच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा डासांतही भेद आहे. तो ओळखायला शिकू या.

शेपूट वर करून तिरपा बसतो, तो हिवतापाचा डास. भिंतीला समांतर बसतो, गटाराच्या घाण पाण्यात वाढतो आणि रात्री चावतो, त्या जातीने हत्तीरोग पसरतो. काळ्या अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे असतात आणि जो दिवसा चावतो, तो डेंग्यूचा. हा अगदी लहान असतो. म्हणून त्याला कोणी भीत नाही. चप्पल उठते ती निरुपद्रवी मोठ्या किड्यावर!

हा पट्ट्यांचा डास वाढतो कुठे? आपल्याच घरच्या स्वच्छ पाण्यात. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आपण रांजण, टिपाड, हौद भरून ठेवतो. त्यात आपला दोष नाही. पाणी साठवावेच लागते. पण झाकण नसेल तर मादी तिथे अंडी घालते. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करावे. नुसते ओतून भागत नाही. अंडी आतल्या बाजूला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. आतून घासून काढावे, वाळवावे, मग भरावे. वर घट्ट फडके बांधावे. हौद रिकामा करता येत नसेल तर त्यात गप्पी मासे सोडावेत. जुने टायर, फुटके डबे पावसात ठेवू नयेत.

घरात कोणाला ताप आला तर आशाताईंना सांगा, दवाखान्यात रक्त तपासून घ्या. उद्यावर टाकू नका.

आणि भिंतीवर लांब टांगांचा पाहुणा दिसला तर त्याला खुशाल बसू द्या. तेवढ्या वेळात टिपाडाचे झाकण बघून या.