चार हात, चोवीस नावं

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्याच्या संयोजकांनी मला सांगितलं, "दहा-पंधरा मिनिटं बोल, विषय तुझ्या आवडीचा." सॉफ्टवेअरवर बोलले तर निम्मे लोक चहाला उठतील हे मला माहीत आहे. म्हणून मी देवाबद्दल बोलणार आहे. पण घाबरू नका, हे कीर्तन नाही. हा नववीच्या गणिताच्या तासाला सुरू झालेला आणि माझ्यापुरता अजून न संपलेला विषय आहे.

तुम्हाला आठवत असेल, नववीत आपली सहल पाटणादेवीला गेली होती. बहुतेकांना त्यातलं आठवतं ते धबधब्याजवळ वाहून गेलेली कुणाची तरी चप्पल आणि परतताना बसमध्ये रंगलेल्या भेंड्या. आपले गणिताचे सर मात्र आपल्याला तिथल्या शिलालेखासमोर उन्हात उभं करून सांगत होते, की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं इथे मठ स्थापन केला. त्या मठाला काय काय दान दिलं, ते या लेखात कोरलंय आणि लेखाचा शेवटचा भाग चक्क मराठीत आहे. आपण माना डोलावल्या. मी तरी मनात डबा कधी उघडायचा याचाच विचार करत होते.

सोमवारी सर वर्गात आले आणि म्हणाले, "आता त्या आजोबांनी 'लीलावती'त घातलेलं एक गणित. विष्णूला चार हात. वस्तू चार: शंख, चक्र, गदा, पद्म. एका हातात एक. वस्तूंच्या जागा बदलल्या, तर वेगवेगळ्या मूर्ती किती?"

मी पहिल्या बाकावरची हुशार मुलगी. हात वर न करताच ओरडले, "सोळा! चार चोक सोळा!"

सर, तुम्ही आज समोर बसला आहात. तुम्ही तेव्हा मला चूक म्हणाला नाहीत, बरोबरही म्हणाला नाहीत. म्हणालात, "घरी जाऊन मांडून बघ."

घरी जाऊन मी स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूनं चार घरं आखली. गदा म्हणून पळी, शंख म्हणून वाटी, चक्र म्हणून ताटली आणि पद्म म्हणून दारातलं जास्वंदीचं फूल. एकेक रचना करायची आणि वहीत लिहायची. सोळा केव्हाच मागे पडले. बावीसपाशी मी अडकले. नवी रचना काही सुचेना. आई दोनदा ओरडून गेली होती, "अगं, फोडणी द्यायचीय, ती गदा इकडे दे!" तिसऱ्यांदा आली तेव्हा तिनं वहीकडे पाहिलं. आई सातवीपर्यंत शिकलेली. तिनं बोट ठेवून मोजलं आणि म्हणाली, "पहिल्या घरात पळी सहा वेळा आलीय, वाटी सहा वेळा, ताटली सहा वेळा. मग फूलच चार वेळा का? त्या बिचाऱ्यानं काय केलंय?"

दोन रचना राहिल्या होत्या, त्या फुलाच्याच. झाले चोवीस.

पुढे मी संगणक अभियांत्रिकी शिकले, नोकरीला लागले, टेस्टिंगवरची जाडजाड पुस्तकं वाचली. पण माझ्या आयुष्यातलं पहिलं टेस्टिंग आईनं केलं, तेही हातात फोडणीचं भांडं घेऊन.

दुसऱ्या दिवशी सरांनी हिशेब फळ्यावर मांडला. पहिल्या हातासाठी चार पर्याय, दुसऱ्यासाठी उरले तीन, मग दोन, मग एक. चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक. आणि म्हणाले, "चोवीस आले ना? आता ज्यांच्या घरी कुणी संध्या करत असेल त्यांनी विचारून या, चोवीस नावं कुठली?"

आमचे आजोबा रोज सकाळी पळी-पंचपात्र घेऊन बसायचे. केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः या तीन नावांना पाण्याचं आचमन, गोविंदाय नमः म्हणताना पाणी ताम्हनात सोडायचं आणि पुढची नावं भराभर. मी ती झोपेतही ऐकलेली होती, पण कधी मोजली नव्हती. त्या दिवशी मोजली. केशव, नारायण, माधव, गोविंद, विष्णू, मधुसूदन, त्रिविक्रम, वामन, श्रीधर, हृषीकेश, पद्मनाभ, दामोदर, संकर्षण, वासुदेव, प्रद्युम्न, अनिरुद्ध, पुरुषोत्तम, अधोक्षज, नारसिंह, अच्युत, जनार्दन, उपेंद्र, हरी, श्रीकृष्ण. बरोबर चोवीस.

मला आठवतंय, माझ्या अंगावर काटा आला होता. आजोबांची संध्या आणि सरांचा फळा एकाच उत्तरावर येऊन थांबले होते. शिवाय ही आपल्या सगळ्यांच्या आजोबा-काकांची नावं! आपल्या हजेरीपटावर वडिलांच्या नावांच्या रकान्यात यातली निम्मी सापडतील. अधोक्षज मात्र मला अजून भेटायचा आहे. इथे कुणाचे सासरे असतील तर जेवताना सांगा.

आपल्याला सहसा दहा अवतार माहीत असतात. तिथे देव रूपच बदलतो. मासा होतो, कासव होतो, वराह होतो, निम्मा सिंह होतो. या चोवीस मूर्तींत तसं काही होत नाही. चेहरा तोच, मुकुट तोच, उभं राहणं तेच. बदलतो तो फक्त हातांतल्या वस्तूंचा क्रम आणि तेवढ्यानं नाव बदलतं. हा क्रम वाचायचा कसा, तर मूर्तीच्या उजव्या बाजूच्या खालच्या हातापासून सुरुवात करायची, मग उजवा वरचा, मग डावा वरचा आणि शेवटी डावा खालचा. म्हणजे प्रदक्षिणेसारखं फिरायचं. उजवा हात मूर्तीचा हं, आपला नाही. पहिल्यांदा हमखास इथेच चुकायला होतं. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर तो केशव. त्यातल्या शंख आणि गदेची अदलाबदल केली, की त्रिविक्रम. गदा, चक्र, शंख, पद्म आलं तर माधव. याची वर्णनं अग्निपुराणासारख्या पुराणांत आणि शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत आहेत. काही नावांच्या बाबतीत ग्रंथाग्रंथांत फरकही आहेत. मला त्याचं नवल वाटत नाही. एकाच प्रणालीची दोन टीमनी लिहिलेली कागदपत्रं तंतोतंत जुळलेली मी तरी कधी पाहिली नाहीत.

बंगळूरला असताना आम्ही ऑफिसातले सातआठ जण सोमनाथपूरचं होयसळांचं देऊळ बघायला गेलो होतो. 1258 सालचं देऊळ. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर विष्णूची कितीतरी रूपं ओळीनं उभी आहेत. सगळे फोटो काढत होते आणि मी बोटानं हात मोजत होते. कुणीतरी विचारलं, "तू इतिहास शिकलीस का?" मी म्हटलं, "नाही, नववीचं गणित."

भास्कराचार्यांच्या त्या गणिताचा अर्धा भाग सांगायचा राहिला. त्यांनी त्याच उदाहरणात शंकरालाही आणलंय. हात दहा, वस्तूही दहा. उत्तर येतं 36,28,800. सरांनी तेव्हा विचारलं होतं, की रोज एक मूर्ती घडवायची म्हटलं तर किती वर्षं लागतील? सुमारे 9,900 वर्षं! चाराचे दहा झाले, तर चोविसाचे छत्तीस लाख होतात. नोकरीत हे गणित मला रोज भेटलं. एकदा आमच्या प्रणालीतले चार भाग सुरू होताना मधूनच अडकायचे. रोज नाही, कधीतरी. तीन आठवडे कुणालाच कारण सापडेना. शेवटी मी एका कागदावर ते चार भाग सुरू होण्याचे चोवीसही क्रम लिहून काढले आणि एकेक करून तपासले. एकोणिसाव्या क्रमाला चूक सापडली. भाग सगळे ठणठणीत होते, फक्त त्या एका क्रमानं सुरू झाले की एकमेकांची वाट बघत बसायचे. साहेबांनी विचारलं, "ही पद्धत कुठली?" पळी, वाटी, ताटली आणि जास्वंद असं इंग्रजीत सांगायला मला जमलं नाही.

आता जे सांगणार आहे, ते सांगायचं की नाही हे मी काल रात्रीपर्यंत ठरवलं नव्हतं.

मेळाव्यासाठी आपण सगळ्यांनी एक फॉर्म भरला. नाव, गाव, मुलं किती आणि 'सध्या काय करता?' माझा तो रकाना रिकामा आहे. संयोजकांनी दोनदा फोन केला, मी दोन्ही वेळा "भरते" म्हटलं आणि भरला नाही. कारण अकरा महिन्यांपूर्वी माझी नोकरी गेली. सतरा वर्षं एका ठिकाणी काढली आणि बारा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलमध्ये ती संपली. माझ्यासोबत अनेकांची गेली, त्यामुळे त्यात माझा वैयक्तिक दोष नव्हता, असं सगळे सांगतात. पण सेहेचाळिसाव्या वर्षी सकाळी आंघोळ करून, तयार होऊन, लॅपटॉप नसलेल्या टेबलापाशी बसलेल्या माणसाला ते पटत नाही. शेजारणीला मी तीन महिने सांगत होते, की घरून काम चालू आहे. पहिल्या बाकावरच्या मुलीला "माहीत नाही" म्हणता येत नाही. तिला सोळा म्हणून ओरडायचीच सवय.

त्या दिवसांत आई म्हणाली, "आता तुला वेळ आहे, तर मला पंढरपूरला ने." तिनं ते इतक्या सहज म्हटलं, की मला रागही आला आणि हसूही. आम्ही गेलो. पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत काही तास उभ्या होतो. आईला आता पंचाहत्तरावं लागलंय, गुडघे दुखतात, पण मुखदर्शन घेऊन परत जायला ती तयार नव्हती. रांगेत वेळ घालवायला मी तिला जुनी आठवण काढून दिली: फरशीवरची चार घरं, पळी आणि फूल.

तिनं विचारलं, "मग हा चोविसांतला कितवा?"

मी म्हटलं, "हा चोविसांत नाही. तसा नेहमीच्या दहांतही नाही. जुन्या पंचांगांतल्या दशावतारांच्या चित्रांत मात्र नवव्या जागी याला उभा केलेला दिसतो."

"आणि याच्या हातात काय?"

"हातच दोन, तेही कमरेवर. अभ्यासक सांगतात, की एका हातात शंख आहे आणि दुसऱ्यात कमळाचा देठ. चक्र आणि गदा नाहीत."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग पुढच्या रांगेकडे बघून म्हणाली, "म्हणजे कामाची दोन्ही हत्यारं खाली ठेवून आला. तरी बघ, गर्दी कुणाकडे आहे!"

ती मला उद्देशून बोलली की नाही, हे मी तिला विचारलं नाही. आम्ही पायांवर डोकं ठेवलं, मागच्यांनी पुढे ढकललं आणि बाहेर आलो. बाहेर आल्यावर तिनं चुरमुरे घेतले आणि भावावरून पाच मिनिटं वाद घातला. पण त्या रात्री घरी आल्यावर मी शेजारणीला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं गं. तुझी गाडी तीन महिने जागची हलली नव्हती."

त्यानंतर सगळं छान झालं, असं मी म्हणणार नाही. घराचे हप्ते चालू आहेत. मुलाखतीत समोर माझ्या मुलापेक्षा चारपाच वर्षांनी मोठी मुलं बसतात आणि माझ्या अनुभवाचं काय करायचं ते त्यांना समजत नाही. एका छोट्या कामाचं कंत्राट मिळालं आहे, पूर्वीच्या निम्मे पैसे मिळतात. आठवड्यातून तीन दिवस जवळच्या नगरपालिकेच्या शाळेत आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवते, त्याचे काहीच मिळत नाहीत. तिथे मागच्या महिन्यात मी मुलांना चार वस्तू आणायला सांगितल्या: खोडरबर, पट्टी, शार्पनर आणि पेन. एका मुलीनं मी प्रश्न पुरा करायच्या आत हात वर केला. "बाई, सोळा!"

सर, मी तिला चूक म्हटलं नाही. घरी जाऊन मांडून बघ म्हटलं.

माझ्याकडे ज्या गोष्टी होत्या त्या बहुतेक अजून आहेत. काही काळ सगळ्यांत पुढच्या हातात नोकरी होती, आता तिथे दुसरं काहीतरी आहे. या मांडणीला काय नाव असतं, ते मला अजून कळलेलं नाही. पण नाव सापडत नाही म्हणून मांडणी चुकीची असते, असं नाही, एवढं त्या फरशीवर शिकले होते. मधली बरीच वर्षं ते विसरले होते.

संयोजकांनी माझा फॉर्म इथे टेबलावर ठेवलेला दिसतोय. तो रकाना मी आज तुमच्यासमोर भरते. सध्या काय करता? थोडं काम करते, गणित शिकवते, बाकीचं शोधते आहे.

तुमच्यापैकी आणखी कुणाचा रकाना रिकामा असेल, तर जेवताना माझ्या शेजारी येऊन बसा. आई पण आली आहे. तिला मोजायला आवडतं.