मूळ प्रत आणि मूळ यंत्र



मराठीच्या प्राध्यापकाने लढाऊ विमानांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत आयुष्य घालविलेल्या माणसाला हा विषय परका नाही. मी एकाच विमानाविषयी बोलणार आहे : बी-२४ 'लिबरेटर'. १९६७ साली पुण्यात शिकत असताना लोहगावकडे उतरणारी ही चार एंजिनांची धुडे मी पाहिली आहेत. त्यांच्या घरघरीत वर्गातले व्याख्यान बुडे, आणि आम्हांस त्याचे फारसे दुःख नसे!

महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी ही विमाने कानपूरच्या चकेरी तळावर टाकून दिली. पुन्हा उडू नयेत म्हणून मुद्दाम मोडून. एंजिनांत वाळू ओतली, उपकरणे फोडली. १९४८ पासून हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्या सांगाड्यांची डागडुजी केली. जमशेद मुन्शी या वैमानिकाने ती बंगळूरला उडवीत नेली. एकाचे भाग दुसऱ्यास जोडून सुमारे चाळीस विमाने सिद्ध झाली आणि वायुदलाने ती १९६८ अखेर वापरली.

येथे संशोधकाची कसोटी लागते. अमेरिकेतील पाच कारखान्यांत मिळून अठरा हजारांहून अधिक लिबरेटर बांधले गेले. भागावर ठोकलेला क्रमांक हा पोथीच्या पुष्पिकेसारखा; तो भाग कोठला, हे तोच सांगतो. पण पंख एका विमानाचा आणि धड दुसऱ्याचे असेल, तर मूळ प्रत कोणती म्हणावी?

ब्रिटन, कॅनडा व ॲरिझोना येथील संग्रहालयांत आज दिसणारे लिबरेटर भारतातून गेलेले आहेत. असेच आणखी एक १९४४ साली फोर्ट वर्थ येथे बांधलेले विमान अमेरिकेत दुरुस्त होऊन १९८९ साली पुन्हा उडाले. २००५ साली त्यावर 'विचक्राफ्ट' या दुसऱ्याच विमानाचे नाव व रंग चढविले गेले. मूळ 'विचक्राफ्ट'चा पराक्रम मोठा, हे मान्य. पण माझ्या मते हा प्रक्षेपच. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना गाळलेले श्लोकही तळटीपांत व परिशिष्टांत जपले. येथे भारतीय चक्राला तळटीपेचीही जागा उरली नाही.

बंगळूर आपल्यापासून दूर नाही. त्या कारखान्यात राबलेल्या एखाद्या आजोबांची कामाची वही तुमच्यापैकी कोणाच्या घरी असेल, तर रद्दीत घालण्यापूर्वी ती मला दाखवा. तेलाचे डाग पडलेली असली तरी चालेल.