पोपडे निघालेल्या भिंतीपाशी



जळगावच्या या परिषदेचा विषय ऱ्हासातलं सौंदर्य आणि स्वागताध्यक्ष केळीचा व्यापारी, हा योग संयोजकांनी जाणूनबुजून जुळवलेला दिसतो. काळे ठिपके पडलेलं केळं सगळ्यांत गोड लागतं आणि बाजारात नेमका त्यालाच भाव नसतो, एवढं सौंदर्यशास्त्र मला धंद्यानं शिकवलं. बाकीचं अजिंठ्यानं.

जाणकार तिथल्या पद्मपाणीच्या चित्रासमोर थांबतात. मी पोपडे निघालेल्या भिंतींपाशी जास्त रेंगाळतो, कारण चित्र घडलं कसं ते तिथे कळतं. गिलावा धरावा म्हणून खडबडीत ठेवलेला कातळ, त्यावर तूस आणि गवत कालवलेली माती, वर चुन्याचा पातळ हात. रंग झिजलाय तिथे खालची लाल रेषा उघडी पडते, आणि चित्रकाराचा हात कुठून कुठे वळला ते दिसतं. धडधाकट भिंतीनं हे गुपित फोडलं नसतं. गंमत अशी, की ज्या तुसा-गवतानं माती बांधून ठेवली, त्याच्यावरच पुढे किडे पोसले.

नकला करून ही चित्रं वाचवायची धडपडही झाली. 1844 साली या कामावर नेमलेल्या रॉबर्ट गिलच्या बहुतेक नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत गेल्या. मग 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्सनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा काम केलं. त्यातल्याही अनेक नकला 1885 मध्ये लंडनलाच जळाल्या. नकला गेल्या, ढासळती भिंत राहिली! चित्रं टिकावीत म्हणून चढवलेलं रोगणही पुढे पिवळं पडलं. (गिलची कबर आमच्या भुसावळात आहे, सवड काढून जाऊन या.)

1909 ते 1911 या काळात लेडी हेरिंगहॅमबरोबर चित्रकार नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार नकला करायला अजिंठ्याला आले. पुसलेला चेहरा, अर्धाच उरलेला हात; उरलेल्या रेषेवरून गेलेल्या रेषेचा ओघ ओळखायचा. नंदलालांची रेषा या तुटक्या जागांनी घडवली, असं माझं मत आहे. सगळं शाबूत असतं तर नुसतं गिरवून झालं असतं.

मात्र ओल, कीड आणि काळ यांनी केलेली झीज वेगळी, आणि दहाव्या लेण्यात ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथनं 1819 मध्ये चित्रावरच कोरलेलं स्वतःचं नाव वेगळं. दोनशे वर्षं झाली म्हणून कुणी त्यालाही वारसा म्हणेल. मला ते पटत नाही. परिसंवादात यावर खुशाल भांडा.

जेवणात भरीत आणि कळण्याची भाकरी आहे, तिखट सांभाळून. लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून भेट मंगळवारी ठेवली आहे. फर्दापूरच्या तिठ्यावर आपल्या गाड्या सोडून एसटीच्या बसनं वर जायचंय, आणि आत फ्लॅश चालत नाही.