सुटकेची खूण



१८९७ साली मध्यप्रांतातल्या दुष्काळात पोरक्या मुली हेरीत दलाल फिरत होते. पंडिता रमाबाई तेथे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुढे त्या आपल्या केडगावच्या मुक्तिसदनात वाढल्या. तेथे त्यांना आसऱ्याबरोबर अक्षरे मिळाली, हातमाग मिळाला, छापखान्यातले काम मिळाले.

घटनेच्या २३ व्या कलमाने माणसांचा व्यापार व वेठबिगार निषिद्ध आहे; १९७६ च्या कायद्याने वेठीचे कर्जही रद्द केले. तरी उचलीपायी मुकादमाला बांधलेली जोडपी आम्ही उसाच्या फडात पाहिली आहेत.

असल्या कामात हसणे हे पाप, असे आम्ही तरुणपणी समजत होतो. एकदा तळावरची म्हातारी म्हणाली, "लेकरा, तूच तोंड पाडून बसलास, तर आम्ही सुटलो हे आम्हांला कळावं कसं?"

तेव्हापासून उचलीचा हिशेब मांडण्यापूर्वी आम्ही कोपीपुढे बसून चहा घेतो, पोरांबरोबर ऊस सोलून खातो. माणसाचा सौदा करणारा आधी त्याचे हसू हिरावतो. ते परत मिळवणे हाही लढाच आहे. त्यात आपण सर्वांनी यावे.