कॅमेऱ्याचा अंदाज

बारीक चौकडीच्या लुगड्याचें छायाचित्र घेतलें असतां कधीं कधीं त्यावर मुळांत नसलेले रंग तरळतात. दोष लुगड्याचा नव्हे, कॅमेऱ्याच्या अंदाजाचा.

कॅमेऱ्यांतील सिलिकॉनच्या ग्राहकास प्रकाशाचें बळ कळतें, रंग कळत नाहीं. म्हणून त्याच्या प्रत्येक बिंदूवर तांबडी, हिरवी किंवा निळी अशी एकच गाळणी बसवितात. ब्राइस बेयर यांच्या या योजनेस १९७६ सालीं पेटंट मिळालें. तींत सुमारें दोनतृतीयांश प्रकाश गाळणींतच अडतो, आणि बिंदूचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून गणितानें अजमावावे लागतात.

पेरोव्स्काइट हें खनिज १८३९ सालीं उरल पर्वतांत सांपडलें. त्याच घडणीचे स्फटिक आतां प्रयोगशाळेंत करितात. त्यांतील आयोडीन, ब्रोमीन व क्लोरीन यांच्या प्रमाणावर कोणता रंग शोषला जाईल हें ठरतें. निळा, हिरवा व तांबडा शोषणारे थर एकाखालीं एक रचले, कीं गाळणी नकोच. एकाच बिंदूवर तिन्ही रंग मोजतां येतात. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनीं २०२५ सालीं असे ग्राहक करून दाखविले.

मात्र या स्फटिकांस ओल सोसत नाहीं, आणि त्यांत बहुधा शिसें असतें. हे दोष दूर झाल्यावरही कॅमेऱ्यास गणित लागेलच. पण तें अंदाजाचें नसून मापाचें असेल.