उन्हाळी सुटीतील परदेश प्रवास : तयारी गावातच
(फुलसावंगी, ता. महागाव, जि. यवतमाळ येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



परदेश प्रवास हा धनिकांचा विषय, अशी समजूत ग्रामीण भागात रूढ आहे. परंतु परदेश म्हणजे विमानानेच गाठायची भूमी नव्हे. भगवान बुद्धांचे जन्मस्थान लुंबिनी आणि पशुपतिनाथाचे काठमांडू ही दोन्ही स्थळे नेपाळात आहेत. अनेक वडीलधाऱ्यांनी त्यांच्या दर्शनाची इच्छा आयुष्यभर उराशी बाळगलेली असते. भारतीय नागरिकास नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पहिल्या परदेश प्रवासासाठी याहून सोयीचा देश क्वचितच सापडेल.

असा प्रवास स्वस्त होणार की महाग, हे सीमेवर नव्हे, गावातच ठरते. विमानाने नेपाळला जाणाऱ्यास पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र आवश्यक असते. रस्त्याने जाणाऱ्यानेही तेच जवळ ठेवणे हितावह होय. १५ ते ६५ वर्षे वयाच्या प्रवाशाने केवळ आधार कार्डावर विसंबू नये. १५ ते १८ वयाच्या विद्यार्थ्यांसाठी मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेले ओळखपत्र चालते.

एका कागदावर ‘शेवंता’ आणि दुसऱ्यावर ‘शेवंताबाई’, अशी तफावत घराघरांत आढळते. गावात ती कोणाला खटकत नाही. परक्या ठिकाणी मात्र तीच अडून बसते आणि म्हाताऱ्या माणसाला मागे फिरावे लागण्याची वेळ येते. मतदार ओळखपत्रातील दुरुस्तीसाठी नमुना ८ भरावा लागतो, आणि मतदान केंद्रस्तरीय अधिकारी बहुधा गावातील शिक्षकच असतात. जन्मनोंदीचे दप्तर ग्रामपंचायतीकडे असते. ही दोन कामे बिनचूक झाली, तर दलालाच्या हाती जाणारा पैसा गावकऱ्याच्या खिशात राहील.

नेपाळच्या पलीकडे जाऊ इच्छिणाऱ्यांनी पारपत्र आधीच काढावे. यवतमाळ जिल्हा नागपूर येथील विभागीय पारपत्र कार्यालयाच्या कक्षेत येतो. प्रौढांचे पारपत्र १० वर्षे चालते; मात्र अनेक देश प्रवासाच्या वेळी त्याची किमान ६ महिने मुदत शिल्लक असावी, असा आग्रह धरतात. शासकीय कर्मचारी व शिक्षकांनी तिकीट काढण्यापूर्वी कार्यालयाची परवानगी घ्यावी. परवानगी अडली आणि तिकीट रद्द करावे लागले, तर नुकसान स्वतःचेच.

आता मार्ग आणि काळ यांचा विचार करू. फुलसावंगीस रेल्वे नाही. महागावहून यवतमाळ, वर्धामार्गे नागपूर गाठावे. तेथून गोरखपूरला थेट गाडी मिळते. गोरखपूरहून सुनौलीची सीमा रस्त्याने दोन-तीन तासांवर आहे आणि पलीकडे भैरहवामार्गे लुंबिनी जवळच पडते. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुले होते. त्यामुळे मे महिन्यातील प्रवासाचा निर्णय मार्चच्या आरंभीच व्हावा. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडत असल्या, तरी जूनच्या मध्यास नेपाळात पाऊस सुरू होतो आणि डोंगरी रस्त्यांवर दरडी कोसळतात. शेतकऱ्यालाही मृगापूर्वी घरी परतायचे असते. एप्रिलचा उत्तरार्ध व मे हाच योग्य काळ होय.

पैशाच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. भारताचा १ रुपया म्हणजे नेपाळचे १.६० रुपये, हा दर १९९३ पासून स्थिर आहे. दोन्ही चलनांस रुपयाच म्हणतात. म्हणून भाव ठरवताना “भारतीय की नेपाळी?” हे आधी विचारावे, न विचारल्यास १०० च्या जागी १६० मोजण्याचा प्रसंग येतो. जवळ १०० रुपयांच्या व त्याहून लहान नोटा असाव्यात. मोठ्या नोटांचे नियम वेळोवेळी बदलले आहेत. निघण्यापूर्वी बँकेत चौकशी करावी. काही प्रेक्षणीय स्थळी सार्क देशांच्या नागरिकांना प्रवेशशुल्क कमी असते. त्यासाठी ओळखपत्र दाखवावे. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते, हे विसरल्यास बस चुकते. गावातून जीप घेऊन जाणाऱ्यांनी सीमेवर ‘भन्सार’ म्हणजे जकातीचा परवाना घेतला पाहिजे व त्याचा दररोजचा आकार खर्चात धरला पाहिजे.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण म्हणतो. प्रवासात ते अंथरूण म्हणजे केवळ पैसा नव्हे. वेळ, ऋतू आणि कागदपत्रे यांचाही त्यात समावेश होतो. ग्रामपंचायतीने दिवाळीनंतर एक दिवस गावातील ज्येष्ठांचे कागद तपासण्यासाठी राखून ठेवला, आणि शिक्षकांनी त्या दिवशी अर्ज भरून दिले, तर त्यासाठी वेगळ्या निधीची गरज पडणार नाही. पुढील उन्हाळ्यात या गावातील एखादी आजी लुंबिनीच्या अशोकस्तंभापुढे हात जोडून उभी राहील, तेव्हा तिच्या प्रवासाचा आरंभ ग्रामपंचायतीच्या त्या टेबलापासून झालेला असेल.